डाव्या पायाची प्लेट

१

अण्णासाहेब शितोळ्यांनी टेबलावर माझ्यासमोर दोन गोष्टी ठेवल्या. एक तुटलेली लोखंडी प्लेट आणि एक टाइप केलेला कागद. प्लेट का तुटली ते तपासून सांगा, असा निरोप धाडून त्यांनी मला चिंचवडच्या आपल्या शेडमध्ये बोलावलं होतं. कागदावर ते कारण आधीच लिहून तयार होतं. मोकळी होती ती फक्त माझ्या सहीची जागा.

"मंजुळाबाई, सगळा वाचत बसू नका," ते म्हणाले. "खाली सही करा, चहा घ्या."

म्हणून मी तो दोनदा वाचला. देहूरोडच्या सरकारी कारखान्यात तपासणी खात्यात माझी तेवीस वर्षं गेली. मी नापास केलेला माल पास करून घ्यायला मोठमोठे साहेब येऊन गेले आणि हात हलवत परत गेले. निवृत्त झाल्यावर आसपासच्या शेडवाल्यांना बाहेरच्या माणसाचा दाखला लागला की ते मला बोलावतात. बाई आहे, वयस्कर आहे, सांगू तिथे सही करील, असा त्यांचा पहिल्या वेळी समज असतो. दुसऱ्या वेळी नसतो. शितोळ्यांची ही पहिलीच वेळ होती.

प्रकरण असं होतं. चाकणच्या कांद्याच्या आडत्याचा मुलगा साहेबराव गोरे याला मोटारींच्या शर्यतीचा नाद. एकोणऐंशी सालच्या दसऱ्याच्या सुमारास त्याने जुनी फियाट सोलून मद्रासच्या शर्यतीसाठी तयार केली. गाडी उलटली तर ड्रायव्हरचं डोकं टपाखाली चेंगरू नये म्हणून आत जाड पाइपची कमान बसवतात, तिला रोल बार म्हणतात. कमानीचे दोन पाय दोन प्लेटांवर वेल्ड करायचे आणि प्लेटा गाडीच्या तळपत्र्याला बोल्टने आवळायच्या. ते काम शितोळ्यांच्या शेडने घेतलं होतं. दसऱ्यानंतर पाचव्या दिवशी चाकणच्या माळावर सराव करताना गाडी उलटली. उजवा पाय घट्ट राहिला. डावा पाय प्लेटेपासून उखडला, कमान कलंडली, आणि साहेबरावाचा उजवा हात मोडला. मान वाचली ती चार बोटांनी. आता शर्यतवाले म्हणत होते की कमान का तुटली ते बाहेरच्या तपासनिसाकडून लेखी आणा.

कागदावर लिहिलं होतं की डाव्या प्लेटेचं वेल्डिंग शेडचा एकमेव वेल्डर जयसिंग ओव्हाळ याने निष्काळजीपणे केलं. खाली बारीक अक्षरात होतं, प्रत शेडमालकांच्या संघाकडे. म्हणजे भोसरीपासून चाकणपर्यंत एकाही शेडमध्ये तो पोरगा पुन्हा वेल्डिंगचा रॉड धरू शकणार नव्हता.

"मी स्वतः रॉड धरून ही शेड उभी केलीय, बाई. वेल्ड मला कळतो," अण्णासाहेब म्हणाले. "आणि खरं सांगू का? खंडेनवमीला सगळ्यांनी मशीनला हात जोडले. हा एकटा बाजूला उभा. हत्याराला जो मानत नाही, त्याच्या हाताला यश कुठून येणार?"

मी उत्तर दिलं नाही, कारण दिलं असतं तर चहा मिळाला नसता. प्लेट उचलून पाहिली. वरच्या अंगाला तुटलेल्या वेल्डचं गोल कडं होतं. बाहेरून ग्राइंडरने घासून गुळगुळीत केलेलं, पण आत धातू उतरलाच नव्हता. मग मी प्लेट पालथी केली. तळालाही पाइपच्याच मापाचं एक गोल कडं होतं, पार घासून काढलेलं, आणि कोपऱ्यात बोटाएवढा पिवळा डाग.

"हे काय?"

"पिवळा प्रायमर," अण्णासाहेब चटकन म्हणाले. "शेडमध्ये रंग सांडतच असतो."

मी त्यांना विचारलं होतं ते कड्याबद्दल. डागाबद्दल मी अजून बोललेच नव्हते.

"सही परवा," मी म्हणाले. "प्लेट आज नेते."

२

जयसिंग देहूरोडला रेल्वेलाइनीपलीकडच्या वस्तीत राहायचा. दारात त्याची बायको कस्तुरा उभी होती. मी कोण आणि कशाला आले हे ऐकल्यावरही ती दारातून हलली नाही.

"कागद आणलाय का सहीला?" तिने विचारलं. "आणला असेल तर इथंच फाडते. दोन दिवसांत सात शेडा फिरून आलाय हा. गेटवर नाव विचारतात अन् परत पाठवतात. कागद निघायच्या आधीच गावभर बोंब झालीय."

"सही केली असती तर इथवर आले नसते," मी म्हणाले. मग तिने वाट दिली.

जयसिंग पंचविशीचा, शिडशिडीत, आयटीआय शिकलेला. त्याने प्लेट हातात घेतली आणि खिडकीच्या उजेडात धरली.

"हा टाका माझा नाही."

"कशावरून?"

"घासलाय. मी टाका कधी घासत नाही. चांगला असेल तर दिसू दे, वाईट असेल तरी दिसू दे. लपवायचं कशाला?"

"प्रत्येक वेल्डर हेच म्हणतो. तेवीस वर्षं ऐकतेय."

तो चिडला नाही. माझ्याकडे सरळ बघून म्हणाला, "बाई, मी नवमीला सकाळी दोन्ही पाय जोडले. दुपारी पूजा झाली. दसऱ्याला शेड बंद. दिवसभर मी इथं बुद्धविहारापाशी लोकांना पाणी देत होतो, अख्ख्या वस्तीला विचारा. दुसऱ्या दिवशी आठ वाजता कामावर गेलो तर कमान गाडीवाल्यांनी नेलेली. मी जोडल्यावर तिला कुणी हात लावला, ते मला कसं ठाऊक असणार?"

"पूजेला हात का जोडले नाहीस?"

"ते माझ्या धर्मात बसत नाही. दिलेला पेढा खाल्ला की. मशीनची केबल मी रोज तपासतो, रोज पुसून ठेवतो. याहून जास्त मशीन काय मागतं?"

मला तो पोरगा आवडला. पण आवडण्यावर दाखला लिहिता येत नाही, आणि मी आयुष्यात कधी तसा लिहिला नाही.

"आणखी काही?"

त्याने प्लेट परत दिली. "जोडायच्या आधी मी हिंदुराव फोरमनला एक प्रश्न विचारला होता. काय ते मी सांगणार नाही. तुम्ही म्हणाल, सोयीचं बोलतोय. ड्रिलवरच्या सोजरबाई तिथंच होत्या. त्यांना विचारा."

३

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी शेडमध्ये गेले. सोजरबाई ड्रिल मशीनजवळ भाकरी सोडून बसली होती. मावळातली बाई, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. मी शेजारी बसकण मारली, तिने न विचारता चटणी पुढे केली.

"प्लेटांना भोकं तुम्हीच पाडली?"

"व्हय. दोनी पलेटा एकावर एक ठिवून. तीन-तीन भोकं. त्यातलं एक मुद्दाम कडंला, तितं गाडीखाली आडवी पट्टी येते म्हनं."

"म्हणजे दोन्ही अगदी सारख्या."

"सारख्याच. पर लावताना एक उताणी अन् एक पालथी पायजे ना, ताई. चपलीवानी. न्हाईतर दोनी उजव्याच व्हतील."

मी घास हातातच धरला. "मग तशा लावल्या का?"

तिने एकदा केबिनकडे पाहिलं. मग आवाज खाली न आणता म्हणाली, "न्हाई लावल्या. हिंदुराव फोरमननं खडूनं दोनीच्या येकाच अंगाला 'वर' म्हनून लिवलं हुतं. जयसिंगनं इचारलं, फोरमन, दोनी एकाच अंगानं जोडायच्या का? एक उलटी नको? फोरमन केबिनीत जाऊन आला, अन् म्हनला, लिवलंय तेवढं कर. त्यानं केलं. मी माज्या कानानं ऐकलंय. कुटंबी सांगीन."

"आणि पूजा?"

"पूजा आमीच केली की. मशीनला हार, कमान खाली उभी केली, दोनी पायांना मी हळदकुकू लावलं. पलेटीच्या कोपऱ्यावर, ह्या बोटानं."

"वरच्या अंगाला?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं की माझीच मला लाज वाटली. "पूजेचं हळदकुकू तळाला कोन लावील, ताई?"

हिंदुराव फोरमन दाराशी विडी ओढत होता. पन्नाशीचा, भरदार मिशांचा. खडूची गोष्ट काढताच त्याची विडी विझली आणि त्याला ती पुन्हा पेटवता येईना.

"मी त्यांचं मीठ खाल्लंय, बाई," एवढंच तो म्हणाला.

"कुणाचं मीठ ते मी विचारलं नाही. तुम्हाला वेल्डिंग येतं?"

"न्हाई. मी मूळचा फिटर."

"शटरच्या चाव्या किती?"

"दोन. एक मालकाकडं."

"आणि दुसरी?"

त्याने खिशावर हात ठेवला. चावी आतच होती.

४

चाकणला साहेबरावाच्या आडतीमागच्या पत्र्याच्या खोपटात ती गाडी उभी होती. टप चेपलेला, काचा गेलेल्या. गाडीचा मिस्तरी भैरू खाली झोपून काहीतरी सोडत होता. मी नाव सांगितलं तसा तो सरपटत बाहेर आला.

"मावशी, उजवा पाय बघा आधी," तो म्हणाला.

मी पाहिला. गाडी उलटताना त्या पायाला असा हिसका बसला होता की बोल्टाभोवतीचा तळपत्रा फाटून वर आला होता. पण पाइप आणि प्लेट यांच्या जोडाला केसाएवढी चीर नव्हती. टाके एकासारखे एक, न घासलेले, उघडे. ज्या माणसाने उजवा पाय असा जोडला, त्यानेच अर्ध्या तासाने डावा पाय थुंकी लावल्यासारखा चिकटवला, यावर मी विश्वास ठेवायचा होता.

"कमान घेतली तेव्हा तिच्यावर हळदकुंकू होतं का?"

"होतं की. उजव्या प्लेटेवर. रंग मारायचा म्हणून मी चिंधीनं पुसलं."

"डाव्या प्लेटेवर?"

भैरूने डोकं खाजवलं. "न्हवतं. मला वाटलं एकाच पायाची पूजा करतात यांच्याकडं. डावी नुसती चकचकीत होती, ताजी घासलेली."

"कमान कधी घेतलीत? कोण होतं तिथे?"

"दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी सातला. मालक एकटेच होते. सोनं दिलं हातात, चहा पाजला. लवकर न्या म्हणाले, शिफ्ट सुरू व्हायच्या आत."

म्हणजे डाव्या पायाला हात लागला तो नवमीची पूजा आणि त्या सकाळचे सात यांच्या मधे. शेड तेव्हा बंद. शटरच्या चाव्या दोन. खडूची चूक हिंदुरावच्या हातची. चूक लपवायला माणूस काय करील याचा नेम नाही, आणि वेल्डिंग येत नाही असं म्हणायला जिभेला हाड कुठे असतं? मी उगाच विचारल्यासारखं विचारलं, "तुम्ही शितोळ्यांच्या हिंदुरावला ओळखता का?"

"आमच्या गावचा. भैरवनाथाची काठी त्यांच्या घराकडं आहे."

"दसऱ्याला तो गावात होता?"

भैरू हसला. "मावशी, नवमीच्या रात्री देवळात काठी खांद्यावर घेतली की शिलंगण होऊन देव परत येईस्तवर ती खाली ठेवायची नसते. परत आले तेव्हा मध्यरात्र उलटलेली. मीच त्याच्या मागं चालत होतो. बिचाऱ्याला तंबाखूसुद्धा आम्ही तोंडात घातली. पहाटे खांद्याला शेक देत बसला होता, कुठं जातोय तो?"

मी प्लेट पिशवीत टाकली. आता एकच चावी उरली होती.

५

परवा म्हणजे परवा. सकाळी दहाला मी शेडमध्ये पोचले. साहेबराव गोरे प्लास्टरमधला हात गळ्यात बांधून आला होता, सोबत भैरू मिस्तरी. त्याचा राग उघड दिसत होता, आणि तो जयसिंगवर होता. जयसिंगला मीच बोलावलं होतं. तो दारात उभा राहिला, कुणी बस म्हणालं नाही. मग सोजरबाईने आपलं स्टूल त्याच्याकडे सरकवलं.

अण्णासाहेबांनी कागद पुढे केला, पेनाचं टोपण काढून.

"आधी साबण द्या," मी म्हणाले.

"काय?"

"नळावर हात धुवायला साबण असेल ना? तो द्या. आणि थोडं पाणी."

सोजरबाईने नळावरची साबणाची वडी आणून दिली. मी प्लेट पालथी ठेवली. "अण्णासाहेब, हा कोपऱ्यातला डाग कसला म्हणालात?"

"प्रायमर. किती वेळा सांगू?"

मी ओला साबण डागावर चोळला. पिवळा डाग बघता बघता लाल झाला. पुरुष नुसतेच बघत राहिले. सोजरबाई मात्र म्हणाली, "हळद हाय ती. लुगड्यावर पडलेल्या हळदीला साबण लावला की अशीच लाल व्हती."

"प्रायमर साबणाने लाल होत नाही," मी म्हणाले. "ही नवमीची हळद आहे, आणि ती प्लेटेच्या तळाला आहे. सोजरबाईंनी ती वरच्या अंगाला लावली. मग ती खाली कशी गेली? प्लेट उलटी झाली म्हणून. हे तळाचं घासलेलं कडं बघा. इथे जयसिंगचा जोड होता. कुणीतरी तो कापला, प्लेट पालथी केली, दुसऱ्या अंगाने पुन्हा चिकटवली आणि ओळखू येऊ नये म्हणून घासली. हे सगळं पूजेनंतर झालं, नाहीतर हळद तिथे असती कशी? शटरची चावी जयसिंगकडे नसते, आणि दसऱ्याला तो दिवसभर देहूरोडला होता, त्याला शेकडो साक्षीदार आहेत."

"पण प्लेट उलटी कशाला करील कुणी?" साहेबरावाने विचारलं.

"कारण दोन्ही प्लेटा उजव्याच झाल्या होत्या. जयसिंगने जोडायच्या आधीच ते विचारलं होतं."

अण्णासाहेब हिंदुरावकडे वळले. "खडू याचा होता. चावीही याच्याकडे असते."

हिंदुरावची मान खाली गेली. मीठ खाल्लेला माणूस मालकाच्या तोंडून आपलं नाव ऐकत होता. मग त्याने मान वर केली.

"खडू माझा. पण नकाशा तुम्ही वाचलात, मालक. जयसिंगचं म्हणणं मी केबिनीत येऊन तुम्हाला सांगितलं. तुम्ही म्हणालात, वेल्डरला डोकं चालवायला ठेवलेलं नाही."

"आणि दसऱ्याला हिंदुरावच्या खांद्यावर देवाची काठी होती," मी म्हणाले. "गाव साक्षीला आहे. उरली तुमची चावी. या शेडमध्ये जयसिंगशिवाय रॉड धरता येणारा माणूस एकच, तेही तुम्हीच मला सांगितलंत."

अण्णासाहेब खुर्चीत बसले.

"नवमीला संध्याकाळी सगळे गेल्यावर मी नकाशा अंथरून कमान त्यावर ठेवली," ते म्हणाले. "डाव्या पायाची भोकं पट्टीवर येत होती. तिसऱ्या दिवशी सकाळी माणूस येणार होता. दहा वर्षांत मी रॉड धरला नव्हता. वाटलं, जमेल, म्हणून दसऱ्याला शटर ओढून बसलो."

"देहूरोड इथून किती लांब आहे?" मी विचारलं. "सायकलवर पोर पाठवलं असतं तरी जयसिंग तासाभरात आला असता. पाणी वाटायचं सोडून आला असता, इतका तो कामाचा आहे. पण मग त्याला सांगावं लागलं असतं की तुझा प्रश्न बरोबर होता. ते तुम्हाला जमलं नाही. त्यापेक्षा एका माणसाला कमानीचा कच्चा पाय देऊन शर्यतीला पाठवणं सोपं वाटलं, आणि दुसऱ्याला आयुष्यातून उठवणं त्याहून सोपं."

मला इतका राग आला होता की माझा आवाज कापत होता. तेवीस वर्षं मी आवाज कापू न देता नापासाचे शिक्के मारलेत.

६

अण्णासाहेबांनी सांभाळून घ्यायचा प्रयत्न केला. नाहीतर ते मालक कसले? "मंजुळाबाई, लोखंडात दोष होता असं लिहा. कुणाचंच नाव नको. जयसिंगला मी उद्यापासून घेतो, हाताखाली माणूस देतो. त्याचंही भलं, माझंही."

मी जयसिंगकडे पाहिलं. नाव त्याचं होतं, निर्णय त्याचा.

"नाही," तो म्हणाला.

"अरे, तुझं नाव कागदात येणारच नाही."

"यायला पाहिजे. सात गेटांवर माझं नाव घेऊन मला परत पाठवलंय. लोखंडात दोष असं लिहिलं तर लोक म्हणतील, मालकानं दया केली. मला दया नको. बाई, लिहा. उजवा पाय जयसिंग ओव्हाळनं जोडला, तो तुटला नाही. डावा पायही त्यानंच जोडला होता, तो कापला गेला. कुणी कापला तेही लिहा."

"मालकानंच असं केलं म्हटल्यावर मला काम कोण देईल?" अण्णासाहेब म्हणाले.

"हाच प्रश्न तुम्ही दुसऱ्याच्या वाट्याला टाइप करून ठेवला होता," मी म्हणाले.

टाइप केलेला कागद मी फाडला नाही. पालथा करून मागच्या कोऱ्या बाजूवर सगळं लिहून काढलं, क्रमाने, तारखांसकट. खाली सही केली. मग पेन अण्णासाहेबांपुढे ठेवलं. त्यांनी बराच वेळ ते उचललं नाही. सोजरबाई, हिंदुराव, भैरू, कुणीही जागचं हललं नाही, आणि शेवटी त्यांना उचलावं लागलं. 'वरील मजकूर मान्य' असं लिहिताना त्यांचं अक्षर लहान पोरासारखं झालं होतं. प्रत शेडमालकांच्या संघाकडे, ती ओळ मी ठेवली.

साहेबराव आत आला तेव्हा ज्याच्या अंगावर धावून जाणार होता, त्याच्यासमोर जाऊन तो उभा राहिला. माफी मागणं त्याला जमलं नाही. त्याच्या घरात ती रीत नसावी.

"शर्यतीला अजून वेळ आहे," तो म्हणाला. "त्या गाडीत मी बसणार आहे. प्लेटा तूच करायच्या."

जयसिंग स्टुलावरून उठला.

"करीन. पण डावी-उजवी मी स्वतः आखणार. आणि काम झालं की दोन्ही प्लेटांवर माझं नाव पंचानं ठोकणार, वरच्या अंगाला, सगळ्यांना दिसेल असं. आडनावासकट."

साहेबरावाने प्लास्टरकडे पाहिलं, मग डाव्या हाताने खिशातून नकाशा काढून त्याच्यापुढे धरला.

"आडनाव आधी ठोक," तो म्हणाला.